सुईने गाठ चवताळते का?

पोटात गाठ निघाली की डॉक्टरांच्या आधी नातेवाइकांचा निकाल लागतो. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय घ्या. 1956 पासूनच्या या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून पेशंट येतात, तसे बुलडाणा आणि अहिल्यानगरकडूनही येतात. सोनोग्राफीत काहीतरी दिसतं, सीटी होतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘तुकडा काढून तपासायला पाठवू.’ तिथून पुढे बाहेरच्या बाकावर खलबत सुरू होतं. ‘तुकडा काढू देऊ नका, सुई लागली की गाठ चवताळते.’ ‘हवा लागली की पसरते.’ ‘आमच्या मामांचं तसंच झालं.’ तासाभराने केस पेपर खिशात घालून माणसं मध्यवर्ती बसस्थानकाची रिक्षा पकडतात.

हे मत फक्त खेड्यातल्या माणसाचं आहे असं समजायचं कारण नाही. सिडकोतल्या आणि उस्मानपुऱ्यातल्या शिकलेल्या घरांत तेच मत इस्त्रीचे कपडे घालून येतं. ‘एवढे चांगले स्कॅन निघालेत, मग सुई टोचायची कशाला?’ आणि गाठ साधी असल्याचा अंदाज कुणी बोलून दाखवलाच, तर पुढचं वाक्य ठरलेलं: ‘साधी आहे ना, मग राहू द्या.’

या तिन्ही म्हणण्यांचं खंडन इथे करायचं आहे. त्यासाठी पोटातल्या मज्जातंतूंच्या गाठींचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. या गाठी दुर्मीळ असतात आणि बहुतेक साध्या असतात. पण त्यांची लक्षणं नेहमीच्या पोटदुखीसारखी आणि स्कॅनमधलं रूप पुष्कळदा कॅन्सरसारखं असतं. गाठीचा निवाडा कशावर करायचा, हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच उभा राहतो.

पूर्वपक्ष

समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे.

पहिला आधार अनुभवाचा. अमक्याची गाठ वर्षभर गप्प होती. तुकडा काढला आणि चार महिन्यांत माणूस गेला. असं उदाहरण गावोगाव सापडतं आणि सांगणारा खोटं बोलत नसतो. दुसरा आधार तर्काचा. सुई गाठीत शिरून बाहेर येते, तर वाटेत दोन-चार पेशी सांडणारच. त्या जिथे सांडल्या तिथे रुजणार नाहीत कशावरून? तिसरा आधार खुद्द डॉक्टरांच्या वागण्याचा. अंडाशयाच्या किंवा वृषणाच्या काही गाठींना डॉक्टरही सुई लावत नाहीत, ते आख्खी गाठच काढतात. मग भीती खोटी कशी?

ही भीती फक्त आपली नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेत फिलाडेल्फियासह काही शहरांतल्या छातीच्या दवाखान्यांत पेशंटना विचारलं गेलं, की शस्त्रक्रियेत हवा लागल्याने फुप्फुसाचा कॅन्सर पसरतो असं तुम्हाला वाटतं का? तिघांपैकी एकाहून जास्त जणांनी होकार दिला. वैद्यकाच्या इतिहासातही हा वाद जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी 1930 मध्ये सुईने गाठीतला नमुना ओढून तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या काळी गाठीला छेडल्याने ती पसरेल ही धास्ती अनेक मातब्बर शल्यविशारदांनाही होती. म्हणजे पूर्वपक्ष अडाणीपणातून आलेला नाही. तो चुकीचा आहे, पण हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

एक आधार मात्र आधीच निकालात काढू. ‘आपल्या शास्त्रात गाठीला शस्त्र लावू नये असं सांगितलंय’ हे पुष्कळदा कानावर येतं. सुश्रुतसंहितेत ग्रंथी, अपची, अर्बुद, गलगंड यांची लक्षणं निदानस्थानाच्या 11व्या अध्यायात आणि चिकित्सा चिकित्सास्थानाच्या 18व्या अध्यायात आहे. तिथे शस्त्राचा निषेध नाही. उलट, अर्बुदाचा अवशेष मागे ठेवला तर ते लवकरच पुन्हा वाढतं, म्हणून ते निःशेष काढावं, असा स्पष्ट इशारा आहे. परंपरेच्या नावाने सुई नाकारणाऱ्याने निदान सुश्रुताला साक्षीला बोलावू नये.

मज्जातंतूंच्या गाठी

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. त्याचा एक थर गेओर्ग माइसनर याने 1857 मध्ये दाखवला आणि दुसरा पुढच्या काही वर्षांत लेओपोल्ड आउअरबाख याने. या जाळ्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात. अन्न पुढे ढकलणं, पाचकरस सोडणं, पाणी शोषणं यांचा कारभार बराचसा हे जाळंच पाहतं. शिवाय पोटाच्या मागच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही अंगांना, मज्जातंतूंची साखळी उतरलेली असते. या सगळ्या तंतूंभोवती आवरणाच्या पेशी असतात. थिओडोर श्वॅनने 1839 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या श्वॅन पेशी.

या घटकांपैकी कोणताही वाढला की गाठ होते. आवरणाच्या पेशींची गाठ म्हणजे श्वॅनोमा. पचनमार्गात ती सर्वांत जास्त जठरात सापडते, बहुधा पन्नाशी-साठीत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. जठराच्या सगळ्या गाठींत तिचं प्रमाण हजारी दोनच्या आसपास सांगितलं जातं. चेतापेशी आणि आवरण दोन्ही असलेली गाठ म्हणजे गँग्लिओन्यूरोमा. ती बहुधा लहान मुलांत आणि तरुणांत, कण्याजवळच्या साखळीतून किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून निघते. अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं बनवू शकणाऱ्या पेशींची गाठ म्हणजे पॅरागँग्लिओमा. आणि अंगभर कॉफीच्या रंगाचे चट्टे व मऊ गाठी असणाऱ्या न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारात पोटातही न्यूरोफायब्रोमा होऊ शकतात.

लक्षणं मात्र रोजच्या ओळखीची. दोन घास खाल्ले की पोट भरतं. जळजळ होते. जठरातल्या श्वॅनोमावरचं अस्तर फुटलं तर रक्त झिरपतं, शौचाला डांबरासारखं काळं होतं, हिमोग्लोबिन उतरतं आणि बाई वर्षभर लोहाच्या गोळ्या खात राहते. मागच्या बाजूची गाठ वाढून आतड्यावर दाबली तर बद्धकोष्ठ, पाठदुखी, कधी मांडीत मुंग्या. सगळ्यांत चकवणारी तऱ्हा लहान मुलांतल्या काही गँग्लिओन्यूरोमांची. त्या आतड्याला पाणी सोडायला लावणारं एक संप्रेरक रक्तात ओततात. मुलाला महिनोन् महिने पाण्यासारखे जुलाब होतात, रक्तातलं पोटॅशियम घसरतं, जंतांची औषधं होतात, दूध बंद केलं जातं. दोष आतड्यात नसतोच, तो कण्याशेजारच्या गाठीत असतो. ती गाठ काढली की जुलाब थांबतात.

चित्राची साक्ष

आता दुसऱ्या म्हणण्याकडे आधी वळू, कारण ते अधिक प्रतिष्ठित आहे: स्कॅनमध्ये सगळं दिसतं, सुई कशाला?

जठराचा श्वॅनोमा हेच याचं उत्तर. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य देतात आणि ते जिथे जास्त ओढलं जातं ती जागा चमकते. कॅन्सर चमकतो, म्हणून चमकलं ते कॅन्सर, असा सर्वसामान्य समज आहे. श्वॅनोमा साधा असूनही भरपूर चमकतो. दुसरी गोष्ट, जठराच्या श्वॅनोमाच्या शेजारच्या लसिका ग्रंथी कधीकधी सुजून मोठ्या होतात. ती फक्त प्रतिक्रिया असते, पण स्कॅनवर ‘पसरलाय’ असंच दिसतं. तिसरी गोष्ट, गाठीवरचं अस्तर फुटून व्रण झालेला असू शकतो. चमक, सुजलेल्या ग्रंथी, व्रण आणि रक्तस्राव एवढं एकत्र आलं की कुणालाही कॅन्सरच आठवेल. आणि तरीही गाठ साधी असते.

घोळ इथेच संपत नाही. जठराच्या भिंतीत होणाऱ्या या जातीच्या गाठींत सर्वांत नेहमीची म्हणजे जिस्ट. ती काखालच्या पेशींशी नातं सांगते. आतड्याच्या हालचालीचा ताल धरणाऱ्या या पेशी सान्तियागो रामोन इ काखाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने दाखवल्या. जिस्ट आणि श्वॅनोमा सीटीवर जुळ्या भावांसारख्या दिसतात. एवढंच काय, सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्हींत चातीसारख्या लांबट पेशी दिसत असल्याने पूर्वी त्या सरसकट स्नायूच्या गाठी म्हणून नोंदल्या जात. 1983 मध्ये मायकेल मेझर आणि ब्रेंट क्लार्क यांनी या गाठी वेगळ्या असल्याचं मांडून त्यांना नवं नाव दिलं. जठराचा श्वॅनोमा हा स्वतंत्र आणि साधा प्रकार असल्याचं 1988 मध्ये जपानी विकृतिशास्त्रज्ञांनी दाखवलं. आणि 1998 मध्ये सेइइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी जिस्टमागचा किट जनुकातला बिघाड शोधला. तेव्हापासून निवाडा रंगांवर होतो. काचपट्टीवर सीडी-117 आणि डॉग-1 हे रंग उमटले तर जिस्ट. ते उमटले नाहीत आणि एस-100 गडद तपकिरी उमटला, तर श्वॅनोमा. जठराच्या श्वॅनोमाच्या कडेला लसिका पेशींची झालर असते, तीही ओळखीची खूण.

हा फरक पुस्तकी नाही. जिस्ट मोठी किंवा पसरलेली असेल तर इमॅटिनिबची गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. श्वॅनोमाला त्या गोळीचा काडीचा उपयोग नाही. जठराचा तेवढाच भाग कापून गाठ पूर्ण काढली की काम संपतं, ती सहसा परत येत नाही, केमो लागत नाही. चित्रावर विसंबून निर्णय घेतला तर एका साध्या गाठीपायी आख्खं जठर आणि शेजारच्या ग्रंथी काढल्या जाण्याची किंवा नको ते औषध सुरू होण्याची भीती राहते. आणि उलटही घडतं. मराठवाड्यात पोटातल्या ग्रंथींचा क्षयरोग नवा नाही. वजन उतरलेलं, पोटात गोळा, ताप, हे चित्र लिम्फोमाचंही असतं आणि क्षयाचंही. एकाला केमो लागते, दुसऱ्याला सहा महिन्यांच्या गोळ्या. सुईने काढलेल्या नमुन्यात पेशी पाहता येतात आणि क्षयाच्या जंतूची सीबी-नॅट चाचणीही करता येते. स्कॅन गाठीचा पत्ता सांगतो, जात सांगत नाही.

सुईवरचा आरोप

आता मुख्य आरोप. सुईने गाठ पसरते का?

आधी साध्या गाठीपुरतं बोलू. कॅन्सर पसरतो तो पेशी सांडल्या म्हणून नव्हे. दुसऱ्या अवयवात शिरून, तिथे रक्तपुरवठा मिळवून, शरीराच्या पहाऱ्याला चकवून वाढण्याचं सामर्थ्य त्या पेशींत आलेलं असतं म्हणून. श्वॅनोमाच्या किंवा गँग्लिओन्यूरोमाच्या पेशींत ते सामर्थ्यच नसतं. सुईच्या वाटेत दोन पेशी सांडल्याच तर त्या तिथेच मरतात. साधी गाठ सुईमुळे कॅन्सर होत नाही.

आणि गाठ कॅन्सरच असेल तर? सामर्थ्य आलेल्या पेशी सुईची वाट पाहत नाहीत. त्या रक्तात आपणहून उतरत असतात. तरीही प्रश्न न्याय्य आहे, म्हणून आकडे पाहू. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या मार्गावर पेशी रुजण्याचा धोका खरा आहे. 2008 मध्ये ‘गट’ या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या मोजणीत तो शेकडा 2.7 निघाला. शून्य नाही, पण ‘सुई लागली की पसरणारच’ असंही नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची मोजणी आणखी बोलकी आहे. अमेरिकेतल्या 2,000 हून अधिक पेशंटच्या नोंदी तपासून मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2015 मध्ये लिहिलं, की शस्त्रक्रियेआधी सुईने तपासणी झालेले पेशंट न झालेल्यांपेक्षा कमी जगले नाहीत. मध्यक आयुर्मान सुई झालेल्यांचं 22 महिने, न झालेल्यांचं 15. सुईने आयुष्य वाढवलं असा याचा अर्थ काढायचा नाही. दोन्ही गटांत इतर फरक असतात. पण सुई मारते हा आरोप या आकड्यांपुढे टिकत नाही. पोटाच्या मागच्या भागातल्या सार्कोमासाठी अमेरिका आणि युरोपातल्या शल्यविशारदांच्या गटानेही 2015 मध्ये शस्त्रक्रियेआधी जाड सुईने, बाहेरच्या नळीतून नमुना काढण्याची ठाम शिफारस केली. सुई नळीच्या आत राहते, त्यामुळे वाटेतल्या ऊतींना गाठीचा स्पर्श जवळपास होत नाही.

मग गावोगावच्या त्या कहाण्यांचं काय? मामांची गाठ वर्षभर गप्प होती आणि तुकडा काढल्यावर चार महिन्यांत ते गेले. वर्षभर गाठ गप्प नव्हती, आपण गप्प होतो. तपासणीला माणूस जातो तेव्हा वजन उतरलेलं असतं, जेवण सुटलेलं असतं, रोग यकृतापर्यंत पोचलेला असतो. अशा अवस्थेत सुई लागली काय किंवा न लागली काय, पुढचे चार महिने तसेच जायचे असतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि दोष कावळ्याच्या माथी बसतो. शिवाय ज्यांच्या तपासणीत साधी गाठ निघाली, ती काढली आणि जी माणसं पुढे वीस वर्षं शेतात राबली, त्यांची कहाणी कुणी सांगत नाही. साध्या गाठींची नोंद कॅन्सर रजिस्ट्रीतही होत नाही. छत्रपती संभाजीनगरची लोकसंख्येवर आधारलेली रजिस्ट्री असो, बार्शीची 1987 पासूनची ग्रामीण रजिस्ट्री असो, त्यांचं काम कॅन्सर मोजण्याचं. बरे झालेले लोक आकड्यांतून आणि गप्पांतून असे दोन्हीकडून गळतात. मागे उरतात त्या फक्त मरणाच्या कहाण्या.

सुई कुठे थांबवावी

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मान्य केलंच पाहिजे: काही ठिकाणी सुई खरोखर घातक असते. पण कारण वेगळं आहे.

पॅरागँग्लिओमा हे पहिलं ठिकाण. त्याला नुसती सुई टोचली तरी साठलेली द्रव्यं एकदम रक्तात सुटू शकतात आणि रक्तदाब जिवावर बेतेल इतका उसळू शकतो. म्हणून कण्याजवळच्या गाठीबरोबर अधूनमधून डोकं ठणकणं, दरदरून घाम, छातीत धडधड, अचानक चढणारं बीपी अशा तक्रारी असतील, तर आधी लघवीत किंवा रक्तात मेटानेफ्रिन तपासतात. ते वाढलेलं निघालं तर सुई बाजूला ठेवतात. रक्तदाबाची तयारी औषधांनी आठवडा-दोन आठवडे आधी करून मगच शस्त्रक्रिया होते. पॅरागँग्लिओमा सरसकट साधाही मानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या वर्गीकरणाने ‘साधा’ आणि ‘घातक’ हा भेदच काढून टाकला, कारण यातला कोणताही पुढे पसरू शकतो.

दुसरं ठिकाण हायडेटिड. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या सहवासातून येणाऱ्या परोपजीवीची ही पाण्याची गाठ बेसावधपणे फोडली तर अंगावर जोराची अॅलर्जी उठू शकते आणि आतलं पाणी सांडून नव्या गाठी रुजू शकतात. तिला ओळखायला सोनोग्राफी आणि रक्ततपासणी असते. सुईने उपचार करायचाच तर अल्बेंडाझोलच्या कवचाखाली, तयारीनिशी. तिसरं ठिकाण म्हणजे वृषणाच्या आणि अंडाशयाच्या ज्या गाठी कॅन्सरच्या वाटतात आणि आख्ख्या काढता येतात, त्या. आणि चौथं, यकृताचा कॅन्सर स्कॅनमध्ये आपली ठरलेली खूण स्पष्ट दाखवत असेल तेव्हा.

म्हणजे डॉक्टर काही ठिकाणी सुई लावत नाहीत हे खरंच. पण ते गाठीचा पोत, जागा आणि रक्ताचे अहवाल पाहून ठरवतात. ‘चवताळेल’ म्हणून नव्हे. अपवाद माहीत असणं हेच नियम माहीत असल्याचं लक्षण आहे. सगळीकडे सुई नाकारणारा आणि सगळीकडे सुई टोचणारा, दोघेही सारखेच चुकतात.

‘साधी’ आहे म्हणून राहू द्यायची का?

तिसरं म्हणणं सर्वांत गोड आहे, म्हणून सर्वांत घातक. साधी म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण पोटात लागू पडत नाही. जठराच्या श्वॅनोमातून रोज थोडं रक्त गेलं तर माणूस पांढराफटक पडतो. मूत्रवाहिनीवर दाबणारी गाठ मूत्रपिंडाला सूज आणते. न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या पेशंटमध्ये खोल पसरलेली, जाळीदार न्यूरोफायब्रोमा पुढे घातक होऊ शकते. या विकारात असा घातक बदल होण्याचा आयुष्यभराचा धोका शेकडा 8 ते 13 सांगितला जातो. जुनी गाठ अचानक दुखू लागली किंवा झपाट्याने वाढली, तर ती साधी राहिली आहे का, हे पुन्हा पाहावं लागतं.

आणि काही साध्या गाठी दुसऱ्याच कॅन्सरची वर्दी देतात. मेन-टू-बी नावाच्या एका आनुवंशिक विकारात बाळाच्या आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंची वाढ होते. बाळाला जन्मापासून चिवट बद्धकोष्ठ असतं, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, पुढे ओठ आणि जीभ गाठाळ दिसू लागते. आतड्यातली ती वाढ साधीच असते. पण त्याच मुलाच्या गळ्यातल्या थायरॉइडमध्ये कॅन्सर फार लहान वयात होतो, इतका की विकार ओळखला गेला तर थायरॉइड पहिल्या वर्षातच काढण्याचा सल्ला देतात. ‘साधी आहे’ म्हणून त्या बाळाकडे पाठ फिरवणं किती महाग पडेल, हे वेगळं सांगायला नको.

याचा अर्थ प्रत्येक साधी गाठ कापायचीच असा नाही. लहान, लक्षणं नसलेला, तपासून निश्चित झालेला श्वॅनोमा किंवा गँग्लिओन्यूरोमा नुसत्या स्कॅनच्या नजरेखाली ठेवता येतो. पण तो निर्णय तपासणीनंतरचा असला पाहिजे. न तपासता ‘राहू द्या’ म्हणणं हा निर्णय नव्हे, ती टाळाटाळ.

मग करावं काय

मंडन थोडक्यात असं: गाठीचा निवाडा काचपट्टीवर होतो. आधी रक्ताच्या तपासण्या आणि स्कॅन, मग अपवादांची चाळणी, आणि मग योग्य वाटेने नमुना. गाठ छोटी, बाहेर काढण्याजोगी आणि काढावीच लागणारी असेल, तर थेट काढून आख्खी तपासायला पाठवणं हाही नमुनाच.

आपल्याकडे हे अडतं ते सुईपाशी कमी आणि नमुन्याच्या हाताळणीत जास्त. पहिली अडचण दुर्बिणीतली. जठराचा श्वॅनोमा अस्तराच्या खाली, भिंतीच्या स्नायूत असतो. नेहमीच्या चिमट्याने वरवरचा तुकडा घेतला तर अस्तरच हाती येतं आणि अहवाल येतो ‘नॉर्मल’. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण चिमटा गाठीपर्यंत पोचलाच नव्हता. अशा वेळी दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा डोळा असलेलं यंत्र वापरून, जठराच्या आतून सुई गाठीत नेतात. त्यामुळे ‘नॉर्मल’ अहवाल हातात आल्यावर विचारायचा प्रश्न एकच: नमुना गाठीतून आला की अस्तरातून?

दुसरी अडचण बाटलीतली. काढलेला तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या सुमारे दहापट द्रवात ठेवायचा असतो. घाईगडबडीत तो सलाइनच्या किंवा नुसत्या पाण्याच्या बाटलीत पडतो आणि नातेवाईक ती बाटली उन्हातान्हात, बसच्या सीटखाली ठेवून प्रयोगशाळेत पोचवतात. तोवर पेशी सडायला लागलेल्या असतात. अशा तुकड्यावर रंग नीट चढत नाहीत, अहवाल ‘निश्चित सांगता येत नाही’ असा येतो आणि दोष पुन्हा सुईवर जातो.

नीट आलेल्या तुकड्याचा पुढचा प्रवास पाहण्याजोगा असतो. तो रात्रभर निरनिराळ्या द्रवांतून जातो, मग मेणात बसतो. मेणाच्या त्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून पाण्यावर तरंगवतात, काचपट्टीवर उचलतात, आणि जांभळ्या-गुलाबी रंगात पेशी डोळ्यांपुढे येतात. पुढे गरज पडली तर त्याच ठोकळ्यातून आणखी काप काढून एस-100, सीडी-117 हे रंग लावता येतात. ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरून आलेल्या पेशंटला आधी ठोकळे आणि काचपट्ट्या आणायला सांगतात. तिथल्या प्रयोगशाळांची घडी ज्यांनी बसवली त्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कुष्ठरोगात मज्जातंतूंचं काय होतं हे काचपट्ट्यांवरूनच अभ्यासलं आणि भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घातला. 1954 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. काचपट्टीची ही शिस्त आपल्याकडे परकी नाही. घाटीतही विकृतिशास्त्र विभाग आहे, आणि शहरात शासनाची राज्य कर्करोग संस्था आहे. मूळ अडचण सोयींची नाही. सोयींपर्यंत तुकडा वेळेवर आणि नीट पोचत नाही, ही अडचण आहे.

म्हणून बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांना एवढंच सांगायचं आहे. तुकडा काढायला नाही म्हणू नका, प्रश्न विचारा. ही सुईला वर्ज्य असलेली गाठ तर नाही ना? बीपीच्या तक्रारी सांगितल्यात का, मेटानेफ्रिन तपासलं का? नमुना गाठीतूनच घेतला का? बाटलीत फॉर्मॅलिन आहे का? अहवाल आला की फाइलबरोबर ठोकळा आणि काचपट्ट्याही मागून घ्या आणि जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर पुन्हा सुई टोचायची गरज पडणार नाही.